सातव्या टाकीची तिसरी जाळी

"शेठ, हे वानर खरं का?" पाटणकर मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, वानर शंभर टक्के खरं. त्यानं पाना उचलला तेही खरं. फक्त तो पाना माझ्या माणसाच्या डोक्यापासून एक हातावर पडला की दोन हातांवर, यावर थोडा मतभेद आहे.

कॅन्टीनच्या मागच्या खोलीत आम्ही सात ठेकेदार बसलो होतो. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सेफ्टीची बैठक असायची. बाकीचे सहाजण माना खाली घालून हसू दाबत होते. मॅडम भिंतीवरच्या पडद्यावर माझी नोंद वाचत होत्या. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसर त्या. तिशीच्या आतबाहेरची बाई, मूळची कोल्हापूरकडची, बोलणं मोजकं. रागावली की आवाज आणखी खाली आणायची.

"आणि मागच्या महिन्यातला नाग? हेल्मेटमध्ये झोपलेला?"

"झोपलेला नव्हता मॅडम. दबा धरून होता."

"आणि दर वेळी धाकू मांडवकरच कसे वाचतात?"

"माणूस नशीबवान आहे," मी म्हटलं.

सगळी खोली हसली. मॅडमही हसल्या, मग त्यांनी माझ्या नोंदीपुढं हिरवी खूण केली आणि पुढच्या ठेकेदाराकडं वळल्या.

याला आता अकरा वर्षं झाली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत माझा रंगकामाचा ठेका होता. टाक्यांचा गंज घासायचा, अस्तर मारायचं, वर रंग चढवायचा. एकोणीस माणसं हाताखाली. नुसती चव घेऊन रंगात किती रॉकेल मिसळलंय ते मी सांगत असे. म्हणजे लोक तसं म्हणत आणि मी खोडून काढत नसे. पण एका वर्षी, ज्या मोठ्या कंपनीच्या टाक्या आम्ही रंगवायचो तिनं पोर्टल आणलं, आणि तिथून माझा ब्रश सुटला तो सुटलाच. आता सगळी कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायची. प्रत्येक माणसाचा विमा, डोळ्यांची तपासणी, उंचीवर काम करायचा दाखला, शिडीचा दाखला, पट्ट्याचा दाखला. प्रत्येकाला संपायची तारीख. एक तारीख चुकली की त्या माणसाचा गेटपास गेटवरच मरायचा. तो बिचारा फिरत्या दांडीला पोट लावून उभा राहायचा आणि दांडी हलायची नाही. एकदा पोर्टलनं मला विचारलं, तुमच्याकडं किरणोत्सर्गी पदार्थ आहेत काय. मी 'नाही' लिहिलं. तर ते म्हणालं, नसल्याचा दाखला जोडा.

हे सगळं मी दोन बोटांनी टाइप करत शिकलो. पण माझी खरी करामत दिसली ती नियर मिसमध्ये.

नियर मिस म्हणजे हुकलेला अपघात. घडता घडता राहिला तो. कुणाचा पाय घसरला पण सावरला, पाना पडला पण डोक्यात नाही पडला, असला प्रकार. वरच्या साहेबलोकांचं म्हणणं असं की जिथं काम चालतं तिथं असं होणारच, आणि जो ठेकेदार म्हणतो माझ्याकडं काहीच झालं नाही, तो लपवतोय. म्हणून दर ठेकेदारानं महिन्याला निदान चार नियर मिस द्यायचे. चाराचे तीन झाले तर पोर्टलवरचा आपला हिरवा चौकोन पिवळा. पिवळा म्हणजे एकोणीसच्या एकोणीस गेटपास बंद.

माझी माणसं जुनी आणि सावध. वर्षाला खरे नियर मिस दोन होत, फार तर तीन. बाकीचे पंचेचाळीस कुठून आणायचे? ते मी आणले. लहानपणापासून थापा मारण्यात माझा हात कुणी धरला नव्हता, आणि पन्नाशी उलटल्यावर प्रथमच कुणीतरी त्या मला लेखी मागत होतं. क्रेनच्या हुकानं एकाची टोपी उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली. वाऱ्यानं शिडी उडाली ती पायरीही न मोडता शेजारच्या शेडला टेकून उभी राहिली. तिमाहीला सर्वोत्तम नियर मिसचं बक्षीस असायचं. दोनदा मला मिळालं.

नायक मात्र एकच, धाकू मांडवकर. माझ्या शाळेतला. चौथीत आम्ही एका फळकुटावर बसायचो. माझ्याकडं तो बावीस वर्षं रंगारी होता. चारचौघांत मला शेठ म्हणायचा, एकटे असलो की दिग्या. सडपातळ, पण टाकीवर चढताना असा चढायचा की पायऱ्याच त्याच्या खाली येऊन उभ्या राहतात असं वाटे. सकाळी हजेरीला विचारायचा, "पोर्टलसाहेब काय म्हणतात आज? मेलो की वाचलो?" मी त्याला महिन्याच्या चारही गोष्टी वाचून दाखवायचो. तो त्या घरी बायकोला सांगायचा, आणि पोर्टलसाहेब नावाचा एक जाड भिंगांचा, खडूस पण मनानं बरा साहेब त्यानं घरच्यांच्या डोळ्यांपुढं उभा केला होता. थापा मारण्यात तोही काही कमी नव्हता, फक्त त्याला लिहिण्याचा कंटाळा.

श्रावणात मला चौथा नियर मिस सुचेना. सुट्या आल्या, पाऊस, कामं बंद. शेवटच्या दिवशी मी एक साधीच गोष्ट लिहून टाकली. टाक्यांच्या माथ्यांना जोडणारा एक अरुंद लोखंडी रस्ता होता, जाळीच्या तुकड्यांचा. त्याला सगळे वॉकवे म्हणत. जागा पोर्टलच्या यादीतूनच निवडावी लागे. मी निवडली सातवी टाकी, शिडीपासून तिसरी जाळी. गंजून पातळ झालेली, धाकू मांडवकर यांचा पाय रुतला, सावरले. प्रत्येक नोंद चौदा दिवसांत बंद करावी लागे, म्हणजे काय दुरुस्ती केली ते फोटोसकट दाखवायचं. मी दुसऱ्या टाकीवरच्या नव्या जाळीचा फोटो चढवला. जाळीला जाळी सारखीच. जाळी बदलली, नोंद बंद. मॅडमनी सही केली, हिरवी खूण आली.

सातव्या टाकीवर त्या वेळी आम्ही वर्षभर गेलोही नव्हतो.

मार्गशीर्षात सातव्या टाकीचं काम निघालं. पहिल्याच दिवशी, दहाचा चहा व्हायच्या आत, धाकू खाली उतरून माझ्याकडं आला. बाजूला कुणी नव्हतं.

"दिग्या," तो म्हणाला, "तुझी गोष्ट खरी झाली."

"कुठली?"

"तिसरी जाळी. खरंच कुजलीय रं. रंगाखाली काय नाय उरलेलं. घासणी मारली तर आरपार गेली."

मी हसलो. मला वाटलं हा माझीच थाप मला परत विकतोय. त्यानं खिशातून लोखंडाची खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी बोटांत धरली तर तिचा भुगा झाला, आणि तळहात तांबडा.

त्या रस्त्यावर फक्त आमचीच माणसं जात नव्हती. कंपनीचे ऑपरेटर दर पाळीला टाकीत किती माल आहे ते बघायला तिथूनच चालत. धाकूनं सांगितलं की शिडीच्या तोंडाशी लाल-पांढरी पट्टी बांधून आलोय, पण पट्टीवर किती दिवस काढणार. पोर्टलसाहेबांना कळवून टाक.

मी कळवायला बसलो. सातवी टाकी, तिसरी जाळी, धोकादायक. पोर्टलनं लगेच उत्तर दिलं. या जागेची ही नोंद पूर्ण होऊन बंद झाली आहे, तीच नोंद पुन्हा घेता येत नाही. मी शब्द बदलून पाहिले. गंज लिहिलं, झीज लिहिलं, भोक लिहिलं. तेच उत्तर. चौथी जाळी लिहून पाहिलं, तर म्हणालं चौथ्या जाळीचा फोटो जोडा, आणि चौथी वरून धडधाकट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी गायब. धाकूनं चौकशी केली. सेफ्टीच्या माणसानंच ती काढली होती, आणि त्याचं बरोबरच होतं: चालू नोंद नसताना धोक्याची पट्टी बांधणं हासुद्धा नियमभंग. हेड ऑफिसची तपासणी आठवड्यावर आली होती. धाकूनं दुसरी पट्टी बांधली. दुपारी तीही गेली.

"कुणीतरी जाणार रं," तो मला म्हणाला. "रात्रपाळीला तो नवा पोरगेला ऑपरेटर असतो, तो तर फोनवर बोलत चालतो."

मी मॅडमकडं गेलो. गोल गोल फिरवून सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांच्यापुढं ते जमेना, म्हणून शेवटी सरळ सांगितलं. श्रावणातली नोंद खोटी होती. जाळी कधी बदललीच नाही. फोटो दुसऱ्या टाकीचा.

खुर्चीतून उठून त्यांनी दार लावलं.

"शेठ, मला काय ठाऊक नव्हतं असं वाटतं तुम्हाला? वानर वाचून मी सही केली. नाग वाचून केली. मलाही वर आकडा द्यावा लागतो. सात ठेकेदार, अठ्ठावीस नियर मिस. सत्तावीस झाले तर मला विचारतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ही एक खोटी आहे असं तुम्ही लिहून दिलंत, तर उद्या तुमच्या सगळ्या उघडतील. तुमची एकोणीस माणसं गेटबाहेर. मीही त्यांच्याबरोबर असेन."

"मग जाळीचं काय?"

त्यांनी कॉम्प्युटर उघडला, खूप शोधलं. बाई प्रामाणिक होती, आजही माझं तेच मत आहे. तासाभरानं त्यांना एक वाट सापडली. बंद झालेली नोंद पुन्हा उघडता येत होती, 'दुरुस्तीनंतर पुन्हा बिघाड' या नावाखाली. म्हणजे नवी बसवलेली जाळी चार महिन्यांत पुन्हा कुजली असं म्हणायचं. कुणाचंच काही खोटं ठरत नव्हतं. अट एवढीच की ताजा फोटो हवा, आणि त्याच फोटोत बिघाड आणि टाकीचा क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत. टाक्यांच्या आवारात फोन न्यायला बंदी होती, म्हणून त्यांनी कपाटातून ठिणगी न उडणारा कॅमेरा काढला. विटेसारखा जड, पिवळा. सही घेऊन मला दिला.

"आजच करा," त्या म्हणाल्या. "फोटो आला की दहा मिनिटांत मी रस्ता बंद करते. पट्टी नाही, कुलूप घालते."

मला उंचीचा दाखला नव्हता, गुडघ्यांमुळं डॉक्टरनं तो कधीच बंद केला होता. धाकूकडं होता. मी त्याला कॅमेरा दिला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, बावीस वर्षांत कंपनीनं प्रथमच काहीतरी चांगलं माझ्या हातात दिलं. हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला, बुटाची नाडी बघितली. डाव्या बुटाची नाडी तुटली होती म्हणून त्यानं तिथं पताका बांधायची निळी सुतळी ओवली होती. मग चढला.

मी खाली उभा होतो, टाकीभोवतीच्या काँक्रीटच्या हौदाच्या कठड्याशी, मान वर करून. सकाळचे अकरा वाजून गेले होते. ऊन चांगलं होतं. धाकूनं पट्ट्याचा हुक वॉकवेच्या कठड्याला अडकवला, तिसऱ्या जाळीपाशी वाकला, कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली बघून ओरडला की जाळी दिसतेय पण नंबर येत नाही. नंबर शिडीच्या अंगाला रंगवलेला होता. तो दिसायला हवा तर पलीकडं जाऊन उलट बघायला हवं. त्यानं तिसरी जाळी ओलांडली. अलगद, लांब टांग टाकून. चौथीवर पाय टेकवून पाचवीवर उभा राहिला, वळला, पुन्हा कॅमेरा लावला. पुन्हा ओरडला, अर्धाच येतोय.

मग कॅमेरा जरा तिरका करून त्यानं फोटो काढला तसा कॅमेऱ्याचा दिवा चमकला. तो मला दिसला. बहुधा त्याला तो पसंत पडला नाही, कारण कॅमेरा त्यानं डोळ्यावरून काढला नाही.

मग तो मागं सरला.

सहावी जाळी वरून नवी कोरी दिसायची. आम्हीच तिला दोन वर्षांपूर्वी रंग मारला होता. ती मोडल्याचा आवाज फार मोठा आला नाही. पापड मोडावा तसा आला. पट्टा होता, हुक अडकवलेला होता, ज्या कठड्याला अडकवलेला होता तो कठडाही त्याच्याबरोबर आला. दोन मजल्यांची उंची. खाली काँक्रीट.

मी इतक्या पडण्याच्या गोष्टी लिहिल्या होत्या. प्रत्येकीत शेवटच्या ओळीला तो सावरायचा.

रुग्णवाहिका सात मिनिटांत आली. पोर्टलवर तिची वेळ दहा मिनिटांची ठरलेली होती, त्यामुळं त्या रकान्यात कंपनीला पूर्ण गुण मिळाले. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत धाकूनं एकदाच डोळे उघडले. आत नेईपर्यंत गेला. कॅमेऱ्याची दोरी त्याच्या मनगटातच होती, आणि कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता.

चौकशी चार दिवसांनी झाली. हेड ऑफिसचे दोन साहेब, मॅडम आणि मी. साहेबांपुढं माझीच श्रावणातली नोंद छापून ठेवलेली होती. सातव्या टाकीचा वॉकवे ऑगस्टमध्ये तपासला, जाळी बदलली, फोटो सोबत. म्हणजे रस्ता चांगला होता. म्हणजे चूक माणसाची होती. मी म्हणालो, साहेब, ती नोंद खोटी आहे. त्यातला मोठा साहेब शांतपणे म्हणाला की धक्क्यात माणसाला असं वाटतं, आणि मॅडमची सही आहे ना त्यावर. मॅडम टेबलाकडं बघत होत्या. मग साहेबांनी मला विचारलं, मागं सरकायची मांडवकरांना कुणी सूचना दिली होती का.

मी म्हणालो, नाही.

त्यांनी ते लिहून घेतलं. खाली मी सही केली. सतरा दिवसांनी बाकीच्या अठरा माणसांचे गेटपास पुन्हा चालू झाले, चौकोन हिरवा झाला. पाटणकर मॅडमची बदली गुजरातेत झाली. जाताना त्या मला भेटल्या नाहीत.

पण पोर्टलला हे काही ठाऊक नव्हतं. अपघाताचा विभाग वेगळा, नियर मिसचा वेगळा, दोघांचे क्रमांक वेगळे. कॅमेरा त्याच दुपारी सेफ्टीच्या कुणीतरी नेऊन जागेवर बसवला आणि त्यातला फोटो आपोआप चढला. बिघाड स्पष्ट, क्रमांक स्पष्ट. नोंद मंजूर. तिमाही संपली तेव्हा यंत्रानं गुण मोजले, आणि सर्वोत्तम नियर मिसचं बक्षीस मला आलं. पाठवणाऱ्यांना बहुधा वाचायची सवय नसावी. फ्रेममध्ये तो फोटो, खाली सोनेरी अक्षरांत माझ्या फर्मचं नाव, आणि त्याखाली एक ओळ: आपल्या दक्षतेमुळे एक अपघात टळला.

मी ती फ्रेम चार दिवस गाडीच्या डिकीत ठेवली. टाकून देववेना. शेवटी एका रविवारी सकाळी धाकूच्या घरी गेलो. त्याची बायको सुभद्रावहिनी ओटीवर वाल सोलत बसली होती. मी फ्रेम तिच्या हातात दिली. धाकूनं काढलेला शेवटचा फोटो, एवढंच म्हणालो.

तिला वाचता येत होतं, पण तिनं वाचलं नाही. पदरानं काच पुसली आणि फोटो बघत राहिली. भोक पडलेली जाळी. टाकीवरचा सात. मग तिचं बोट खालच्या कोपऱ्याशी थांबलं. तिथं एका बुटाचं टोक आलं होतं, आणि त्यात ओवलेली निळी सुतळी.

"इथं तर धड उभे आहेत की," ती म्हणाली.

मी मान हलवली.

तिनं फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली आणि पुन्हा वालाच्या शेंगा हातात घेतल्या. म्हणाली, सगळे येऊन गेले भावोजी. कंपनीचे आले, युनियनचे आले, सरपंच आले. त्या मॅडम एकट्याच आल्या होत्या, रिक्षातून. इथंच बसून रडल्या.

"तेवढे एक पोर्टलसाहेब आले नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, येतील. हे किती बोलायचे त्यांच्याबद्दल."

चौकशीत जे म्हणायला हवं होतं ते तिथं म्हणायचं असं मी वाटेतच ठरवलं होतं. याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

"आलेत वहिनी," मी म्हणालो. "पोर्टलसाहेब म्हणजे मीच. असा कुणी साहेब नव्हताच. ते वानर, तो नाग, ही जाळी, सगळं मी लिहायचो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसली.

"हे म्हणायचेच," ती म्हणाली, "दिग्याचं निम्मंच धरायचं. बसा. चहा ठेवते."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला. मी फ्रेमकडं बघत ओटीवर बसून राहिलो. माझं उरलेलं निम्मं अजून बाकी होतं. फार मोठं नव्हतं ते. त्या सकाळी टाकीखाली उभा राहून, मान वर करून, मी जे ओरडलो होतो तेवढंच.

'धाकू, जरा मागं हो.'

चहा आला. मी तो प्यालो. चांगला झालाय म्हणालो.